माळ आणि बिल्ला

आबा रजेवर आले की पहाटे विहिरीवर अंघोळ करायचे. मी पाच-सहा वर्षांची. कळशी धरायच्या निमित्तानं त्यांच्या मागं जायची. उघड्या छातीवर तुळशीची माळ आणि माळेच्या खाली दोऱ्यात ओवलेले दोन बिल्ले. पाणी ओतून घेतलं की बिल्ले एकमेकांवर आपटून बारीक किणकिणायचे. माळेचा आवाज यायचा नाही. "दोन कशाला हो आबा?" मी एकदा विचारलं. "एक माझ्यासंगं ऱ्हायचा, एक पलटणीनं न्यायचा," ते म्हणाले आणि दुसरी कळशी मागितली. कधी न्यायचा, ते सांगितलं नाही. १९९० साली मावसभाऊ भरती झाला, तेव्हा त्यानं ते सहज सांगून टाकलं. जवान पडला की एक बिल्ला देहावर ठेवतात आणि दुसरा काढून नेतात, म्हणजे मोजदाद चुकत नाही. मी तेव्हा दहावीत होते. त्या रात्री विहिरीवरची ती किणकिण कानात राहिली आणि झोप आली नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. या भागात घरातला मुलगा पलटणीत असणं ही बातमी नसते. अपशिंगे गावाच्या नावापुढं तर 'मिलिटरी' हा शब्द कायमचा लागला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. आबा १९६६ साली, अठरा पुरी होताच, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती झाले. इटलीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावं त्यांनी पुढं आम्हा भावंडांकडून पाढ्यांसारखी पाठ करून घेतली.

घरात वारी पणजोबांपासून. आजोबा माळकरी होते. पण आबा तरुणपणी माळ घालायला तयार नव्हते. जत्रेतलं मटण आणि पलटणीतली रम, दोन्ही त्यांना आवडायचं. हे ते स्वतःच सांगायचे. झाकून ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. झाकलं ते एकच, आणि ते झाकलंय हेही आम्हाला फार उशिरा कळलं.

१९७१च्या डिसेंबरात ते जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनमध्ये होते. त्या लढाईचा इतिहास छापून आलेला आहे. ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूरला पाकिस्तानी फौज पक्की बसलेली होती. आपल्या ब्रिगेडियरनं एका वृद्ध गावकऱ्याच्या हातून शरण येण्याविषयी पत्र धाडलं. तिथल्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. मराठे नदी ओलांडून जमालपूरच्या पाठीमागं, टांगाइलकडं जाणाऱ्या रस्त्यावर दबा धरून बसले होते. १० डिसेंबरच्या रात्री आतली फौज निसटायला म्हणून अंधारात त्याच रस्त्यानं निघाली. ११ तारखेला जमालपूर पडलं. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली आणि ढाक्यात सुरुवातीला शिरलेल्या पलटणींत जंगी पलटणही होती.

हे सगळं मी पुस्तकांतून वाचलं. आबांकडून आम्हाला मिळाल्या त्या तीन गोष्टी. नदीच्या पाण्याचा गारठा. धुकं. आणि एका म्हातारीनं पदरातून काढून ओंजळीत घातलेले मुरमुरे. "भाषा कळंना, पर ती 'खा' म्हनत हुती येवढं कळलं." पंढरपुरात प्रसादाचे चुरमुरे घेताना आबा आधी एक मूठ दुकानापुढं उभ्यानंच खायचे आणि मग पुडा बांधून घ्यायचे. ती मूठ कुणासाठी होती, ते मला कळायचं. रस्त्यावरच्या त्या रात्रीबद्दल ते बोलले नाहीत. धाकटा भाऊ विचारायचा, "किती जण मारले हो तुम्ही?" आबा उठून बैलांना वैरण घालायला जायचे.

१९७२ला ते रजेवर आले ते नेमके आषाढाच्या तोंडावर. पावसानं ओढ दिलेली. आईला लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. गावातले लोक ढाक्याच्या गोष्टी ऐकायला ओट्यावर बसले, आणि आबा तिसऱ्या दिवशी आजोबांबरोबर आळंदीला निघाले. परतले ते गळ्यात माळ घालूनच. पंढरपुरात माळ घालताना महाराज चार गोष्टी कबूल करून घेतात. मांस नाही, दारू नाही, एकादशी धरायची, वर्षातून एकदा तरी वारी करायची. पहिल्या तीन आबांच्या हातात होत्या. चौथी सरकारच्या हातात होती, कारण रजा द्यायची ती पलटणीनं. रजा संपवून ते गेले आणि पाऊस आलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तिच्या उजव्या तळहातावरचा घट्टा तेव्हाचा. लढाई जिंकून आलेल्या फौजीची बायको रस्त्याच्या कामावर, हे तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही, तिलाही नाही. पण आबांना ते लागलं होतं. म्हातारपणी कधी ते तिचा तो तळहात नुसता धरून बसायचे.

आईला वाचता येत नव्हतं. मी वाचायला लागले ती आबांच्या पत्रांवर. वर 'श्री विठ्ठल प्रसन्न', खाली 'जय शिवाजी' आणि मध्ये म्हशीची चौकशी, शाळेची फी, कोणत्या वाफ्यात काय लावायचं याच्या सूचना. पाठवणाऱ्याचा पत्ता कायम ५६ एपीओ. आबा काश्मिरात असोत की पंजाबात, पत्ता तोच. आईला कितीतरी वर्षं वाटायचं की ५६ एपीओ हे एक गाव आहे, लांबचं, थंड. पत्राच्या शेवटी तिच्यासाठी एकच ओळ असायची: "तू दमू नको." ती ओळ ती मला दोनदा वाचायला लावायची. पहिल्यांदा ऐकायची आणि दुसऱ्यांदा चुलीत लाकूड सारत न ऐकल्यासारखं करायची.

माळ घालून फौजेत आणखी अठरा वर्षं काढणं सोपं गेलं नसणार. लंगरात त्यांची डाळ-भाजी वेगळी वाढली जायची. थंड मुलखात रम वाटली जायची, तेव्हा त्यांचा वाटा ते कुणाला देत नसत, बदल्यात काही घेतही नसत. माझ्या नावावर लिहू नका, एवढंच म्हणत. सेवानिवृत्तीनंतर कॅन्टीनच्या कार्डासाठी गावातल्या चांगल्या चांगल्या माणसांनी त्यांच्या घरी खेटे घातले. त्यांना चहा मिळाला.

पहाटे साडेतीनला ते उठायचे. आषाढ असो, माघ असो, ताप असो. लहानपणी मला वाटायचं हे वारकऱ्याचं उठणं आहे, काकड्याचं. नंतर समजलं की सीमेवर उजाडण्याच्या आधी सगळी पलटण हत्यारं घेऊन मोर्च्यात सावध उभी राहते, त्याला 'स्टँड-टू' म्हणतात. आणि दिवस मावळतानाही तसंच. काकडा आणि हरिपाठ यांच्याही वेळा त्याच. मी हे मोठ्या शोधासारखं त्यांना सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "येळ तीच की. तितं रायफल धरायची, हितं टाळ." तिकडची शिस्त आणि इकडची भक्ती अशी वाटणी आम्ही करायचो. त्यांच्या अंगात ती वाटणी नव्हती. राहुटीची दोरी ते ज्या गाठीनं बांधत ती गाठ फौजेत शिकलेली. दिंडीतल्या म्हाताऱ्यांच्या पायाचे फोड ते ज्या हातानं पुसत तो हातही तिथंच तयार झालेला. देवळात साष्टांग नमस्कार घालून उठताना त्यांच्या टाचा एकमेकींना लागायच्या. ते त्यांना माहीतही नसावं.

हैबतबाबांची गोष्ट ते वरचेवर सांगायचे. हैबतबाबा आरफळचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत सरदार होते. गावी परतताना लुटारूंनी त्यांना धरून गुहेत कोंडलं, त्यांचा हरिपाठ तिथंही थांबला नाही, आणि लुटारूंच्या नायकाला मुलगा झाला तेव्हा त्यानं त्यांना सोडून दिलं, असं सांगतात. बाबा मग घरी न जाता आळंदीला राहिले आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप त्यांनी दिलं. रथाच्या पुढच्या दिंड्या, मागच्या दिंड्या, प्रत्येकीचा नंबर आणि जागा, तीन वेळा वाजणारा कर्णा: पहिल्याला सामान बांधायचं, दुसऱ्याला तयार व्हायचं, तिसऱ्याला पालखी हलणार. यात ज्याला फौज दिसत नाही तो माणूस आंधळाच म्हणायचा. सोहळ्याचे अश्व शितोळे सरकारांचे, ते येतात अंकलीहून चालत, आणि अंकली बेळगाव जिल्ह्यातली, म्हणजे आबा जिथं रंगरूट होते त्याच मुलखातली. हे आबांना फार जवळचं वाटायचं. आळंदीच्या महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीपाशी ते वाकायचे तेव्हा वरिष्ठाच्या पुढं उभं राहिल्यागत अंग ताठ करून मग वाकायचे.

आता आईचं सांगायला हवं, कारण तिच्यावाचून हे सगळं अपुरं आहे. दोन महिन्यांची वार्षिक रजा आबा शक्यतो आषाढातच मागून घ्यायचे. पेरणीचा हंगाम, घरी पुरुष माणूस हवं असायचं, आणि त्यातले अठरा-वीस दिवस वारीत जायचे. जाण्यायेण्याचे दिवस वेगळे. एका वर्षी वळवानं घराची एक बाजू बसली. आबा आले, दोन दिवसांत वासे उभे केले, कौलं चढवली आणि पिशवी उचलली. आई उंबऱ्यात उभी होती. "देवाची रजा संपली की घरी या," ती म्हणाली. आवाज चढवून नव्हे. आबा थांबले, पिशवी खाली ठेवली, परत उचलली आणि गेले. माझ्या आठवणीतलं त्यांचं हे एकच असं निघणं आहे की ज्यात त्यांचा पाय अडखळला. मी त्या वेळी आईच्या बाजूची होते, आणि आजही तिचं म्हणणं मला रास्त वाटतं. वर्षानुवर्षं एकटीनं घर ओढणाऱ्या बाईला ते दिवस मिळायला हवे होते. आबांनाही ते पटत असणार. पण कबूल केलेलं मोडायचं कसं, हे त्यांना फौजेनंही शिकवलं नव्हतं आणि माळेनंही नाही.

आई स्वतः कधी वारीला गेली नाही. म्हैस, शेत, आम्ही तिघं, आजी, मग गुडघे. दिंडीसाठी ती शंभर-शंभर भाकरी थापून लोणंदला पाठवायची. आणि वारीच्या दिवसांत रोज तिन्हीसांजेला तुळशीपुढं दिवा लावताना मोठ्यानं म्हणायची, "आज माउली सासवडला." दुसऱ्या दिवशीही तिथंच. मग "आज जेजुरीला." मग वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते. माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. भूगोलाच्या परीक्षेत मला नद्या आठवायच्या नाहीत, हे मुक्काम आठवायचे.

साताऱ्याला कॉलेजात गेल्यावर माझा विश्वास सुटला. वाचलेलं डोक्यात होतं, आणि घरात आईचे हात दिसत होते. मी आबांना एकदा स्पष्टच म्हणाले, की तुमचा विठ्ठल मला मान्य नाही. ते चिडले नाहीत. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "बरं. पर यंदा लोणंदला पान्याची टाकी हाय दिंडीची, तिच्यावर मानूस न्हाई. येशील का?" मी गेले. दोन दिवस पाणी वाटलं. निरेच्या पुलापलीकडून माउलींच्या पादुका नदीत स्नान घालून आमच्या जिल्ह्यात येताना पाहिल्या. विश्वास परत आला असं मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून नोकरी लागल्यावरही दरवर्षी शाळेत रजा टाकून मी लोणंद ते फलटण आबांच्या शेजारनं चालत आले, आणि त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही की आता मान्य आहे का.

२०१९ची वारी त्यांची शेवटची. एकाहत्तर वर्षांचे होते. नावं विसरायला लागले होते. नातवाला भावाच्या नावानं हाक मारायचे. भाऊ नको म्हणत होता, मी जबाबदारी घेतली. लोणंदहून निघालो त्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. माउलींचा अश्व, ज्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, रांगांच्या मधून धावत गेला. लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावत होते. आबांनी चिमूटभर माती घेतली, माझ्या कपाळाला लावली आणि उरलेली आईसाठी कागदात बांधली. संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहिल्या. टाळांचा एकच कल्लोळ. मग चोपदारांनी काठी वर केली.

तो क्षण ज्यानं अनुभवलेला नाही त्याला सांगणं अवघड आहे. एवढ्या माणसांचे टाळ एका काठीच्या उंचावण्यानं थांबतात आणि इतकी शांतता होते की लांबच्या ट्रकाच्या टपावर कुणीतरी खोकलेलं ऐकू येतं. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू आणि माणसं पुकारतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिनं त्या शांततेत टाळ वाजवत राहायचं; चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात आणि निवाडा होतो. आमच्या दिंडीनं असे टाळ कधी वाजवले नव्हते.

हरवल्याची यादी वाचून होत आली होती. माझ्या शेजारी टाळ वाजला. मी वळून पाहिलं. आबा. एकटेच. डोळे समोर लावून, संथ, ठेक्यात. दिंडीतली माणसं त्यांच्याकडं बघायला लागली, कुणीतरी हलकेच हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. चोपदार गर्दीतून आले. "माउली, काय तक्रार?"

"तक्रार न्हाई," आबा म्हणाले. "हरवल्यात, ती लिवून घ्या."

"कोण हरवलंय, माउली?"

"नावं ठावं न्हाईत. रस्त्यावर पडल्याली. सकाळी मोजली हुती, पर घरी कुनी कळवलं आसंल का न्हाई ठावं न्हाई."

मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. चोपदारांनी माझ्याकडं पाहिलं, मी एवढंच म्हणू शकले की आबा फौजेत होते. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात आबांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "लिहून घेतलं, माउली." आबांनी टाळ खाली केले. शांतता पूर्ण झाली. मग आरती.

रात्री राहुटीत ते तुकड्या-तुकड्यांनी बोलले. सलग नाही. मध्येच त्यांना वाटायचं मी त्यांची बहीण आहे. जमालपूरच्या त्या रात्री ती माणसं रस्त्यानं बोलत येत होती, त्यांना माहीत नव्हतं पुढं कोण बसलंय. उजाडल्यावर धुक्यात कागदपत्रं गोळा करायचं काम आबांच्या टोळीवर आलं. एकाच्या खिशात पत्र होतं, उर्दूतलं, वाचता येईना. आणि मुठीत मण्यांची माळ होती, जपाची. बरोबरच्यानं ती काढायला घेतली. "म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. त्याची हाय ती, त्याच्यासंगं जाऊ दे." पुरताना ती माळ त्यांनी नीट बोटांत गुंडाळून दिली. आबा तेवीस वर्षांचे होते. तोही तेवढाच असेल, असं म्हणाले. पुढच्या आषाढात त्यांनी माळ घातली.

त्या पत्राचं काय झालं, हे ते मला चार वेळा विचारत होते. मी म्हणाले, पोचलं असेल. वारीत खोटं बोलू नये असं म्हणतात. ते ऐकून आबा झोपले.

त्या वारीनंतर त्यांचं भान झपाट्यानं गेलं. घरातून निघायचे आणि परत यायची वाट विसरायचे. एकदा कोरेगावच्या रस्त्याला सापडले, पताका म्हणून खांद्यावर तुरीची काटकी. आईनं मग ट्रंक उघडली. काळी, वर पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेली. तळाशी डिस्चार्जच्या कागदांबरोबर ते दोन बिल्ले होते. तिनं एक नव्या दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात बांधला, माळेच्या खाली, पूर्वी असायचा तिथंच. "नाव हाय त्याच्यावर. कुनाला घावलं तर आनून सोडतील." दुसरा तिनं आपल्या कुंकवाच्या डब्यात ठेवला. हे करताना तिला बिल्ल्यांचा नियम ठाऊक नव्हता. तो तिला कुणी कधी सांगितलाच नव्हता.

२०२२च्या जानेवारीत ते गेले. तालुक्यातले माजी सैनिक हिरव्या बेरे टोप्या घालून आले होते; वारकरी टाळ घेऊन आले होते. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' आणि विठ्ठलाचा गजर स्मशानापर्यंत एकाआड एक चालू राहिला. तुळशीची माळ काढत नाहीत, ती राहिली. बिल्ला काढायला भावानं हात घातला, तेव्हा मी म्हणाले, राहू दे. घरी दुसरा आहे.

मला मात्र सांगायचं आहे ते त्याच्या दीड वर्ष आधीचं, २०२० सालचं. त्या आषाढात करोनामुळं पायी वारी निघाली नाही. माउलींच्या पादुका सजवलेल्या एसटीतून दशमीला पंढरपूरला गेल्या. टीव्हीवर ते दाखवत होते, पण आबांना ते समजण्यापलीकडचं होतं. एवढंच त्यांच्या अंगाला कळत होतं की निघायची वेळ झाली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पहाटे साडेतीनला ते उठले, धोतर नेसले, टोपी घातली, दाराची कडी काढायला लागले. बाहेर संचारबंदी. भावानं दार धरलं, तर त्यांनी त्याला जोरानं ढकललं. आई उठली. तिनं भावाला बाजूला केलं, आबांच्या हातात टाळ दिले आणि त्यांना मागच्या दारानं अंगणात नेलं. मध्ये तुळस, भोवती शेणानं सारवलेली जागा. आबा चालायला लागले, तुळशीभोवती. गुडघ्यांवर हात ठेवत आई त्यांच्या मागून.

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ ते चालले. मी शाळा बंद म्हणून गावीच होते. ओट्यावर बसून बघायचे. आई पन्नास वर्षं ज्या रस्त्यावर गेली नव्हती त्या रस्त्यावर ती आता रोज होती. आबा थांबले की ती थांबायची. त्यांनी पाणी मागितलं की पदराखालून लहान तांब्या काढायची. पाऊस आला तर दोघं गोठ्याच्या वळचणीला उभे राहायचे, राहुटीत उभे असल्यागत.

सहाव्या का सातव्या संध्याकाळी आबा चालता चालता थांबले आणि मागं वळले. बराच वेळ आईकडं बघत राहिले. मग दोन्ही हात जोडून, अनोळखी बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "माउली, तुमी कुटल्या दिंडीतल्या?"

मला ओट्यावर बसवेना. मी उठून उभी राहिले. आईनं पदर सारखा केला.

"तुमच्याच," ती म्हणाली.

आबांना ते बरं वाटलं. टाळ सावरले. "मग आज मुक्काम कुटं?"

"वाल्ह्याला," आई म्हणाली. "आता जवळच हाय. चला."